ग्रंथालय आरोग्यही जपतं!

ग्रंथालय म्हटलं की कपाटं आणि 'शांतता राखा' ही पाटी आठवते. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ साली सामान्य माणसांसाठी 'मेडलाइनप्लस' हे संकेतस्थळ सुरू केलं. आजार, औषधं, तपासण्या यांची माहिती तिथे मोफत मिळते, जाहिरातींशिवाय. हार्वर्डच्या काउंटवे वैद्यकीय ग्रंथालयाने तर अभ्यासाचा ताण हलका व्हावा म्हणून कूपर नावाच्या कुत्र्याशी खेळायची सोयही केली होती! वाचकाच्या तब्येतीची काळजी घेणं हेसुद्धा ग्रंथालयाचंच काम आहे, हा विचार मला फार पटतो.

अडचण भाषेची आहे. मेडलाइनप्लसची मुख्य माहिती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. आपल्या पालकांच्या मोबाइलवर मात्र "हा काढा पाजा, ताप पळेल" असे संदेश शुद्ध मराठीत येतात. आपल्या भाषेत आले की ते खरेही वाटतात आणि प्रयोग होतो तो लेकरावर.

म्हणून शिक्षकमित्रांनो, पालकसभेत तीन प्रश्न जरूर शिकवा. हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? यात कोणाला काही विकायचं आहे का? उत्तरं मिळाली नाहीत, तर संदेश पुढे पाठवू नका. आणि मूल आजारी असेल तर मोबाइल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.