गुरुजी, वरखर्च विसरलात!

एप्रिलात चार दिवस घरी जाऊन आलो. घर म्हणजे वाशीम. पुण्यात कुणाला सांगितलं की हमखास "म्हणजे नवी मुंबईतलं का?" असं विचारतात. नाही हो, ती वाशी. आमचं वाशीम, विदर्भातलं. असो.

तर तिथे पाटणी चौकात आमचे एक जुने गुरुजी भेटले. सातवीला गणित शिकवायचे. मी पाया पडलो. त्यांनी तब्येत, पगार, लग्न अशी क्रमाने चौकशी केली आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "बाकी बापू, तुया बाबानं तं लूटच लावली हाय! दिवायीनंतर माह्याजवळून आठशेले कूलर नेला, अन् आता दुकानासमोर सव्वीसशेले ठेवला. अठराशे रुपये! बसल्या जागी!"

आजूबाजूचे चारदोन लोक हसले. मीही हसलो. ते हसणंच मला परतीच्या गाडीत रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. मी या विषयात तटस्थ नाही. माझ्या वडिलांचं जुन्या घरगुती सामानाचं दुकान आहे. कूलर, फ्रिज, कपाटं, पलंग, शिलाई मशीन, मिक्सर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. माझं इंजिनिअरिंग त्यावरच झालं. आणि कॉलेजात कुणी विचारलं तर मी "फर्निचरचा बिझनेस आहे" असं सांगायचो. कंपनीत अजूनही तेच सांगतो. तेव्हा या लेखातली निम्मी चिडचिड माझ्या स्वतःवर आहे, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

१ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन वाशीम जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर बदलीवाले कर्मचारी आले. बदलीचा माणूस म्हणजे जुन्या सामानाच्या धंद्याचा कणाच. येताना त्याला पलंग-कपाट लागतं, जाताना ते सगळं ट्रकमध्ये घालून नेणं परवडत नाही. मे महिन्यात ऑर्डर हातात पडते, आठ दिवसांत हजर व्हायचं असतं. अशा वेळी कपाटाला गिऱ्हाईक शोधत कोण बसणार? बाबा बसतात. तेच कपाट पुढे रिसोडहून किंवा मानोऱ्याहून शिकायला आलेली, खोली करून राहणारी पोरं नेतात. नवीन घ्यायची त्यांची ऐपत नसते. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांची गरज एकाच दिवशी उभी राहत नाही. मधल्या काळात ते कपाट कुणीतरी स्वतःचे पैसे गुंतवून सांभाळायचं असतं. हाच तो धंदा.

आता गुरुजींचा कूलर. मी घरी पोचल्यावर बाबांची वही काढून बघितली (इंजिनिअर आहे, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही). खरेदी ८००. लोटगाडी १००. टाकीचा तळ गंजून गेला होता, तिथे पत्रा ठोकून रंग मारला, ३५०. पाण्याची मोटर नवीन, २५०. तिन्ही बाजूंचं गवत, २००. पंख्याच्या मोटरीचे बुश आणि कंडेन्सर, १५०. वायर आणि बटण, ८०. झाले १९३०. गोडाऊनच्या भाड्यातला वाटा महिन्याला ४० धरला तर पाच महिन्यांचे २००. एकूण २१३०. विक्री २६००. उरले ४७०. त्यातून महिनाभरात मोटर बंद पडली तर फुकट दुरुस्ती, आणि स्वतःची मजुरी तर बाबांनी कुठे लिहिलेलीच नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. खरेदी किमतीत वाहतूक आणि दुरुस्तीचा वरखर्च मिळवायचा आणि मगच नफा काढायचा, हे मला कुणी शिकवलं? याच गुरुजींनी! एकदा वरखर्च विसरलो म्हणून हातावर छडीही खाल्ली आहे. म्हणजे हिशोब गुरुजींना येतो. फक्त तो बाबांच्या दुकानाला लावायची गरज त्यांना वाटत नाही. किराणावाल्याचा नफा म्हणजे व्यापार, डॉक्टरची फी म्हणजे विद्या, आणि जुन्या सामानवाल्याचा नफा म्हणजे लूट. असं का? कारण वस्तू एके काळी आपली होती. आपली वस्तू आपल्यापेक्षा जास्त भावात गेली, हे मनाला झेपत नाही. गंजलेली टाकी आपण विसरतो आणि रंग मारलेला कूलर तेवढा दिसतो.

"पण थांबूनच तर कमावतात ना? हिवाळ्यात स्वस्तात घ्यायचं, उन्हाळ्यात महाग विकायचं!" हो, थांबूनच. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा कूलरला भाव येणारच. आता वाशीमच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, सोयाबीन निघाल्या-निघाल्या विकणारा शहाणा की भाव येईपर्यंत घरात ठेवणारा? थांबता येणं ही तर चैन मानतात आमच्याकडे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तिचा उद्देशच हा, की शेतकऱ्याने माल गोदामात ठेवावा, त्यावर कर्ज घ्यावं आणि पडत्या भावात विकू नये. गुरुजींची स्वतःची आठ एकर शेती आहे आणि त्यांच्या माजघरात थप्पी लागलेली मी पाहिली आहे. सोयाबीन ठेवलं तर धोरण, कूलर ठेवला तर साठेबाजी? आता बोला!

दुसरा आरोप चोरीच्या मालाचा. हा आरोप हवेतला नाही, तसे दुकानदार असतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून बाबा देणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेतात. यावर लोक चिडतात, "आम्ही काय चोर वाटलो का?" म्हणजे कागद मागितला तर अपमान, नाही मागितला तर चोरबाजार. दोन्हीकडून बडवायला आम्ही म्हणजे ढोलकीच.

तिसरा आरोप मात्र मी गंभीरपणे घेतो, तो म्हणजे फसवणुकीचा. जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे तो याच विषयावरच्या कामासाठी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू आतून कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली वस्तू विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते, आणि उरतो तो कचरा. यावर उपाय म्हणजे हमी आणि नाव. वाशीमसारख्या गावात रोज त्याच जागी दुकान उघडणारा माणूस नेमकं हेच विकतो. फ्रिज बंद पडला तर गिऱ्हाईक सकाळी दारात उभं असतं. गॅस गळणारा एक फ्रिज बाबांकडून गेला होता. चौथ्या दिवशी तो परत आला, पूर्ण पैसे द्यावे लागले आणि वर चहाही पाजावा लागला. अनोळखी माणसाकडून फोनवर फोटो बघून घेतलेला फ्रिज तुम्ही कुठे परत नेणार?

मग या धंद्यात लूट नसतेच का? असते. आणि ती कुठे असते हे मला घरातच दिसलं आहे. पीक बुडालेल्या वर्षी बाया पितळेची घागर, गुंड, परात घेऊन येतात. त्यांना आजचा मोडीचा भाव माहीत नसतो आणि पैसे संध्याकाळच्या आत हवे असतात. अशा वेळी हातातल्या हातात तोलून "दे वो माय, चारशे घे" म्हणणारा माणूस चोरच. त्याची बाजू मी घेणार नाही. मग त्याचा नफा दहा रुपये असो की हजार. बाबांकडे काटा समोर असतो आणि पितळेचा भाव पाटीवर खडूने लिहिलेला असतो. माझी रेघ इथे आहे. नफा किती झाला यावरून लूट ठरत नाही. समोरच्याच्या अज्ञानातून आणि अडचणीतून झाला की कामातून झाला, यावरून ठरते.

आणि जाता जाता आपल्या आयटीवाल्यांसाठी. जुना फोन पुसून, बॅटरी बदलून विकला की आपण त्याला "रिफर्बिश्ड" म्हणतो. तेच काम अॅप काढून केलं की "सर्क्युलर इकॉनॉमी" होतं आणि गुंतवणूकदार रांगेत उभे राहतात. बाबा पंचवीस वर्षं तेच करतात तर "भंगारवाले"! कायद्याला हा फरक करता येत नाही, हे बरं आहे. २०१७ च्या जीएसटी नियमांत ३२(५) हा नियम जुन्या मालासाठीच आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने जुन्या मालावर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल तर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर, आणि तोटा झाला तर तो हिशोबात धरायचा नाही. म्हणजे सरकारच्या लेखी हा फरक म्हणजे सरळसरळ व्यापारातली कमाई आहे. चौकातल्या लोकांच्या लेखी मात्र नाही.

हे सगळं मी त्या रात्री बाबांना सांगितलं. ते वही मिटून म्हणाले, "हिशोब बराबर हाय तुया. पण मंग चौकात काहून नायी सांगतला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आहे ते हेच. गुरुजी, पुढच्या वेळी पाया पडेन, पण हसणार नाही. आणि सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं तर फर्निचरचा बिझनेस सांगणार नाही. जुन्या सामानाचं दुकान आहे आमचं, वाशीमला. वही उघडी असते. वरखर्चासकट.