थोर कादंबऱ्यांपासून काय घ्यावे?

कादंबरी वाचून मुले बिघडतात, ही समजूत मराठी घरांत फार जुनी आहे. चांगली कादंबरी वाचली की मुले सुधारतात, ही तिची धाकटी बहीण. पहिली आता बरीच मागे पडली. मुलाच्या हातात कादंबरी दिसली तर हल्लीच्या पालकांना आनंदच होतो, कारण हातात मोबाईल असण्यापेक्षा ते बरे. दुसरी मात्र शाळेत अजून ठाण मांडून बसली आहे. परीक्षेत प्रश्न येतो, 'या पाठापासून कोणता बोध मिळतो?' आणि विद्यार्थी लिहितो, खरे बोलावे, आईवडिलांची आज्ञा पाळावी, गरिबांवर दया करावी. उत्तरास पूर्ण गुण मिळतात. ते लिहिण्यासाठी ग्रंथ वाचण्याची मुळीच आवश्यकता नसते, हे शिक्षक या नात्याने मी पुष्कळदा पाहिले आहे. गाइडात ते तयारच असते.

थोर कादंबरीने माणसाचे शील घडते, हे मलाही मान्य आहे. ते कसे घडते याविषयी मात्र माझे मत रूढ मताहून निराळे आहे. बोध हा कादंबरीचा सर्वांत दुबळा भाग होय. तो एका ओळीत सांगता येतो, आणि एका ओळीत सांगता येणारी गोष्ट आपण एका दिवसात विसरतो. चारशे-पाचशे पाने एका परक्या माणसाच्या सहवासात काढल्यावर आपल्या नजरेला जी सवय लागते, ती मात्र सहसा सुटत नाही. ज्याच्याकडे आजवर आपले लक्षच गेले नव्हते, त्याच्याकडे ते जाऊ लागते.

हे म्हणताना माझ्या मनात एक विशिष्ट ग्रंथ आहे आणि त्याचे नावच या मुद्द्याला धरून आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना नावाची मुलगी आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. बालपण, लग्न, सासर, मुंबईत पतीच्या सहवासात गेलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झालेला होता. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येऊन थांबला होता. माजघरात काय चालते ते त्याला दिसत नव्हते. ते आपट्यांनी दाखविले, आणि दाखविताना उपदेशाची घाई केली नाही. पानेच्या पाने भांडणे, रुसवे, मंगळागौरी, सासुरवाशिणींच्या कानगोष्टी. वाचक यमुनेच्या घरातला होऊन जातो, आणि मग जे घडते ते त्याच्या घरात घडते.

येथे आपल्या मुलखाशी संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंचेरियलहून गोदावरी ओलांडून थोडे खाली गेले की मंथनी लागते. १९५७ ते १९७७ अशी वीस वर्षे मंथनीचे विधानसभेतील प्रतिनिधी होते पी. व्ही. नरसिंह राव, जे पुढे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले आणि ज्यांना २०२४ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळाले. हैदराबाद संस्थानात 'वंदे मातरम्' चळवळीत भाग घेतल्यामुळे तरुणपणी त्यांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले होते. मराठीवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. विश्वनाथ सत्यनारायण यांची 'वेयि पडगलु' ही तेलुगू कादंबरी त्यांनी 'सहस्रफण' या नावाने हिंदीत नेली, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु 'पण लक्षात कोण घेतो?' ही मराठी कादंबरी त्यांनी 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगूत उतरविली आणि साहित्य अकादमीने ती प्रसिद्ध केली, हे आपल्याकडच्या मराठी घरांतही थोड्यांनाच माहीत आहे.

या अनुवादामुळे त्यांच्या राजकारणात काय फरक पडला, असले हिशेब मी मांडणार नाही. ते मांडता येत नाहीत. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. अनुवाद म्हणजे सर्वांत सावकाश केलेले वाचन. आपण एखादे पान दोन मिनिटांत उलटतो. अनुवादकाला त्यावर एक संध्याकाळ काढावी लागते. 'वन्सं' या एका शब्दात जो मान आणि जी भीती आहे, तिच्यासाठी आपल्याकडच्या तेलुगूत 'आडबिड्ड' म्हणावे की आणखी काही? सासूबाईंना 'अत्तम्म' म्हटले तर यमुनेच्या आवाजातला कंप तसाच उरतो का? असे प्रश्न शेकडो वेळा स्वतःला विचारीत ज्याने हा ग्रंथ पुरा केला, तो पुरुष त्या माजघरात किती काळ बसला असेल! कर्त्या पुरुषांनी ज्या खोलीकडे पाहूही नये असा संकेत होता, त्याच खोलीत.

मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत कादंबरीचा जन्मच या प्रश्नाच्या शेजारी झाला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. तिचा विषय विधवांची स्थिती, आणि योगायोग असा की तिच्याही नायिकेचे नाव यमुना. तिकडे 'राजशेखर चरित्रमु' लिहून तेलुगू कादंबरीचा पाया घालणारे कंदुकूरी वीरेशलिंगम यांनीच १८८१ साली राजमहेंद्रीला विधवेचा विवाह लावून दिला. राजमहेंद्री गोदावरीच्या काठी, आपणही गोदावरीच्या काठी. असो.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. ती लहान आहे, पण तिच्यावाचून माझे म्हणणे कोरडे राहील. आमच्याकडे एक आत्या होत्या. तरुण वयातच त्यांचे यजमान गेले होते. घरात कोणतेही कार्य निघाले की आत्या स्वयंपाकघरात असत. पुरणाचे पाटे, वड्यांचे घाणे, पाहुण्यांची पाने, सारे त्यांच्याकडे. ओवाळायची वेळ झाली की त्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. त्यांना कोणी जा म्हणत नसे. त्या आपल्या आपण जात. मी हे लहानपणापासून पाहत होतो, म्हणजे पाहत नव्हतोच. भिंतीवरचे घड्याळ रोज दिसते तसे ते दिसत होते. दहावीच्या सुट्टीत मी 'पण लक्षात कोण घेतो?' वाचली आणि ती संपवून उशाशी ठेवली. वडील दुसऱ्या पाळीला खाणीवर गेले की आईला दुपारी थोडी उसंत मिळे. त्या उसंतीत तिने ती वाचावयास घेतली. तिला महिना लागला. वाचून झाल्यावर ती त्याविषयी माझ्याशी किंवा कोणाशीही एक शब्द बोलली नाही.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आईने मागच्या दारी जाऊन आत्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत आणले आणि पहिले वाण त्यांच्या ओटीत घातले. आत्या घाबरून नको नको म्हणत होत्या. जमलेल्या बायकांपैकी दोघी काही तरी निमित्त सांगून लवकर उठल्या, आणि पुढली दोन वर्षे त्या आमच्याकडे आल्या नाहीत. आईने त्यांना बोल लावला नाही आणि आपला शिरस्ताही सोडला नाही. कादंबरीचा 'बोध' तिला विचारला असता तर तिला तो सांगता आला असता की नाही, याची मला शंका आहे.

हा प्रश्न आता इतिहासजमा झाला, असे कोणास वाटत असेल तर त्याने २०२२ साल आठवावे. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याचे अनुकरण करावे असे महाराष्ट्र शासनाला इतर ग्रामपंचायतींना सांगावे लागले. आपट्यांच्या यमुनेला जाऊन तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

'श्यामची आई' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. तो तर न वाचणाऱ्यांनीही पाहिलेला असतो. परंतु याही पुस्तकाला आपण बोधाच्या कात्रीने कापून टाकले आहे. आईची माया, आईची शिस्त, संपला धडा. त्यातील एका प्रसंगाकडे मी वर्गाचे लक्ष मुद्दाम वेधतो. एका म्हातारीची मोळी खाली पडली आहे. ती अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास सांगते. आणि मग घरी येऊन स्नान कर, असेही सांगते. मुले येथे थबकतात. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मग आई चांगली की जुन्या विचारांची?" या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणारा शिक्षक मला तरी विश्वासार्ह वाटणार नाही. ती बाई आपल्या काळाच्या कुंपणात उभी राहून जेवढा हात बाहेर काढता येईल तेवढा काढते. पुढचे पाऊल मुलाने टाकले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. त्या उपोषणात स्नानाची अट उरली नव्हती.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते खांडेकरांना, १९७४ साली. या कादंबरीवरील निबंधांत भोग आणि संयम यांखेरीज तिसरा शब्द क्वचितच सापडतो. मला स्वतःला तिने दिले ते तिच्या रचनेतून. ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. राजवाडा तोच, प्रसंगही पुष्कळदा तेच, पण प्रत्येकाच्या तोंडून त्यांचा रंग पालटतो. देवयानीवर रागावून पान उलटावे तो तिचीच कैफियत पुढे येते. भांडण घेऊन आलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी पहिल्याचे ऐकून निकाल देण्याचा मोह मला पुष्कळदा होतो. तेव्हा ही कादंबरी मला आडवी येते.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'ही १९५९ चीच. मागच्या वर्षी दहावीच्या वर्गात तिच्यावर वाद झाला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा चोर की वीर? एकाने ठामपणे सांगितले, चोरी ती चोरीच. दुसऱ्याने विचारले, कोठारात धान्य असताना गावाला उपाशी ठेवणे याला काय म्हणावयाचे? तास संपला, वाद संपला नाही. दोघे सायकली हातात धरून फाटकापाशी बोलत उभे होते. गाइडात या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे मी त्या दिवसाचे भाग्य समजतो.

एवढे सांगितल्यावर दोन आक्षेप मान्य केले पाहिजेत. थोर कादंबऱ्यांची कपाटे रिकामी केलेली माणसेही घरकामाच्या बाईला वेगळ्या कपात चहा देताना मी पाहिली आहेत. तेव्हा वाचनाने माणूस सुधारतोच असा नियम नाही. कादंबरी फार तर दार उघडून देते. आत जावयाचे की नाही हे तिच्या हाती नसते. दुसरे असे की, प्रत्येक कादंबरीची नजरही अपुरी असते. आपट्यांचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांचे. त्या घरांबाहेरच्या स्त्रीचे दुःख त्यांच्यात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. त्यासाठी 'फकिरा' हवी, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या तारेआडच्या वसाहतीवर विभावरी शिरूरकरांनी १९५० साली लिहिलेली 'बळी' हवी. आणि आपल्या शेजारच्या भाषेतील 'मालपल्ली' हवी. उन्नव लक्ष्मीनारायण यांनी तीही तुरुंगातच लिहिली. माल जातीच्या वस्तीतील एका कुटुंबाची ती कथा मद्रास सरकारला इतकी झोंबली की तिच्यावर बंदी आली. आपल्या शाळेतील मुले घरी मराठी आणि बाजारात तेलुगू बोलतात. दोन्हीकडची कपाटे त्यांना उघडी आहेत. पुण्याच्या मुलांना हे भाग्य नाही.

कोठून आरंभ करावा, असे पालक विचारतात. सातवी-आठवीत 'श्यामची आई', तीही एका रात्री एक याप्रमाणे, कारण ती तशीच सांगितलेली आहे. नववीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट छोटी आहे, आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते तेव्हा मुले आपण होऊन गप्प बसतात. 'पण लक्षात कोण घेतो?' दहावीची परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत. ग्रंथ जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे, आणि आरंभीची कितीतरी पाने घरगुती बोलण्यात जातात. तेथे कंटाळून ती मिटू नये; थोडी वाचून संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला त्यातील न कळलेले शब्द विचारावेत. आमच्याकडे आत्यांना अशा शब्दांचे अर्थ सगळे येत असत.