विश्लेषण : वेबसाइट देखणी, पण कसाऱ्यात चालते का?

मुंबईहून कल्याणमार्गे नाशिकच्या दिशेने निघालेली लोकल कसाऱ्याला संपते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर सुमारे १२१ किलोमीटर. पुढे थळ घाट सुरू होतो. तिकीट, आरक्षण, बँक, खरेदी अशी येथील रहिवाशांची बहुतेक कामे आता मोबाइलवर आली आहेत. मात्र ही कामे ज्या संकेतस्थळांवर होतात, ती चांगली की वाईट हे बहुतेकदा शहरातल्या कार्यालयात, मोठ्या पडद्यावर आणि वेगवान वायफायवर ठरते. शेवटच्या स्थानकावरच्या ग्राहकाला तेच संकेतस्थळ कसे दिसते, याची तपासणी क्वचितच होते.

यूजर एक्स्पीरियन्स म्हणजे नेमके काय?

‘यूएक्स’ हा शब्द ऐकला की रंग, चित्रे आणि सजावट डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात प्रश्न साधा असतो. ग्राहक ज्या कामासाठी आला ते काम झाले का, किती वेळात झाले, किती वेळा चुकले आणि चुकल्यावर पुढे काय करायचे हे त्याला कळले का? दुकानाचा दर्शनी भाग चकचकीत असला, पण भाव विचारायला तीन काउंटर फिरावे लागले, तर गिऱ्हाईक दुसरे दुकान गाठते. संकेतस्थळावर तर त्यासाठी उठावेही लागत नाही.

रेल्वे तिकिटाच्या संकेतस्थळाने काय शिकवले?

आयआरसीटीसी ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे आणि ई-तिकिटावर ती सुविधा शुल्क घेते. त्यामुळे तिचे संकेतस्थळ हे व्यवसायाचेच संकेतस्थळ ठरते. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले, तेव्हा छापील तिकीट कुरिअरने घरी येत असे. एप्रिल २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली आणि मिनिटाला २ हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. ही सुधारणा यंत्रणेच्या ताकदीची होती.

प्रवाशाला थेट जाणवलेले बदल नंतर आले. जून २०१८ पासून लॉग-इन न करता गाड्या आणि रिक्त जागा पाहता येऊ लागल्या. डिसेंबर २०२०च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत सर्व गाड्यांच्या सर्व श्रेणींची उपलब्धता आणि भाडे एकाच पानावर दिसू लागले. त्याआधी प्रत्येक गाडीवर वेगळे क्लिक करावे लागे. हे बदल दिसायला किरकोळ वाटतात, पण जिथे रेंज येते-जाते तिथे प्रत्येक क्लिक म्हणजे नव्याने वाट पाहणे. दहा क्लिकचे काम तीनवर आले, तर सर्वाधिक फायदा कमकुवत नेटवर्कवरच्या माणसाचा होतो.

विक्रमी वेग म्हणजे चांगला अनुभव का?

२२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे आरक्षित झाली. आजवरचा हा उच्चांक असल्याचे रेल्वेने तेव्हा जाहीर केले. तांत्रिकदृष्ट्या ही मोठीच कामगिरी आहे. मात्र हा आकडा यंत्रणेची क्षमता सांगतो. त्याच मिनिटात पैसे भरण्याच्या पानावर अडकलेल्या, ओटीपीची वाट पाहत राहिलेल्या किंवा कंटाळून फोन खिशात टाकलेल्या प्रवाशांचा हिशेब त्यात नाही.

दुसरी बाजूही आहे. तत्काळ आरक्षण खुले होताच पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनच्या प्रयत्नांपैकी जवळपास निम्मे प्रयत्न ‘बॉट’ म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅमचे असत, असे रेल्वेनेच सांगितले. त्यानंतर जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी आणि ओटीपी आले. म्हणजे प्रत्येक अडथळा वाईट नसतो. दलालाला रोखणारा अडथळा सामान्य प्रवाशाच्याच हिताचा असतो. पण ओटीपीचा एसएमएस रेंज असेल तरच येतो. त्यामुळे अडथळा घालताना तो कोणाला अडवतो आणि कोणाला विनाकारण शिक्षा करतो, हे दोन्ही मोजायला हवे.

पाच किलोमीटरच्या मर्यादेत काय चुकले?

अनारक्षित तिकिटांच्या ‘यूटीएस’ अॅपचे उदाहरण शहापूर-मुरबाडकरांच्या अधिक जवळचे आहे. या अॅपवर स्थानकाच्या आवारात आणि रुळांलगत तिकीट निघू नये अशी आतली हद्द होती. विनातिकीट प्रवाशाने तपासनीस दिसताच तिकीट काढू नये, हा तिचा उद्देश. तो समजण्यासारखा आहे. पण बाहेरचीही हद्द होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती वाढवल्यावरही उपनगरी प्रवाशासाठी पाच किलोमीटरच राहिली.

दादर किंवा ठाण्यात पाच किलोमीटरच्या आत एकाहून अधिक स्थानके सापडतात. किन्हवली किंवा डोळखांबच्या माणसाला मात्र घरी बसून लोकलचे तिकीट काढणे अशक्य होते. मुरबाड शहरात तर रेल्वे स्थानकच नाही. एसटी किंवा जीपमधून येताना स्थानकापासून पाच किलोमीटरच्या आत शिरल्यावर, पण स्थानकात पाऊल टाकण्याआधी, तेवढ्या पट्ट्यात रेंज मिळाली तर तिकीट निघणार! एप्रिल २०२४ मध्ये बाहेरची हद्द हटवण्यात आली. अॅपमध्ये कोणताही बिघाड नव्हता. नियम आखताना डोळ्यांसमोर असलेला प्रवासी फक्त शहरातला होता.

अनुभवाचे मोजमाप कसे करतात?

पहिली पद्धत स्वस्त आणि सर्वात परिणामकारक. पाच ग्राहकांना बसवायचे, एक काम द्यायचे आणि मदत न करता पाहायचे. या क्षेत्रातील तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांच्या चाचणीत वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. अट एवढीच की हे पाच जण खरे ग्राहक हवेत, मालकाचे भाचे-पुतणे नव्हेत. शहरी पर्यटक आणि गावातला ग्राहक असे दोन वेगळे गट असतील, तर चाचण्याही वेगळ्या घ्याव्यात.

दुसरी पद्धत यंत्राची. गुगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ या निकषांनुसार पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये. ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर ही तपासणी मोफत होते. यात एक मेख आहे. ७५ टक्के भेटींमध्ये हे निकष पाळले गेले, तरी संकेतस्थळ ‘चांगले’ ठरते. उरलेल्या २५ टक्क्यांत जुने फोन आणि कमकुवत नेटवर्क असण्याची शक्यता अधिक. म्हणजे हिरवा शेरा मिळालेले संकेतस्थळही कसाऱ्यात रखडू शकते.

शहापूर-मुरबाडच्या व्यावसायिकांचा याच्याशी काय संबंध?

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यामुळे मुंबई-नाशिक प्रवासात जुना कसारा घाट टाळता येतो. जुन्या रस्त्याने जाणारा माणूस पाटी पाहून चहाला थांबत असे. नव्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ती पाटी दिसत नाही, त्याला दिसतो फोन. माहुली किल्ला, विहीगावचा अशोका धबधबा, नाणेघाट किंवा माळशेजला येणारा पर्यटकही राहण्या-जेवणाची सोय आधी फोनवरच शोधतो. कृषी पर्यटन केंद्र आणि छोट्या हॉटेलांसाठी संकेतस्थळ हीच आता रस्त्यावरची पाटी आहे.

‘व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला,’ असा युक्तिवाद होतो. बोलणे सुरू करायला ही साधने उत्तम आहेत. पण दर, नियम, रस्ता आणि रिकाम्या खोल्या यांची माहिती प्रत्येकाला नव्याने टाइप करून पाठवणे मालकालाही परवडत नाही. पावसाळी शनिवारी सकाळी उत्तराला अर्धा तास लागला, तर ग्राहक पुढच्या ठिकाणाकडे वळलेला असतो.

सुधारणा कुठून सुरू कराव्यात?

यासाठी नव्या डिझाइनवर मोठा खर्च करावा लागत नाही. दर, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पडद्यावर असावेत. क्रमांक चित्रात न टाकता मजकुरात द्यावा, म्हणजे बोट लावताच फोन लागतो. दरपत्रक पीडीएफमध्ये कोंडू नये. धबधब्याची छायाचित्रे आकार कमी करूनच चढवावीत. चौकशीच्या अर्जात नाव, क्रमांक आणि तारीख पुरे. ई-मेल सक्तीचा केल्यास अनेक जण तिथेच थांबतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे उन्हात वाचता येत नाहीत. जागतिक सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ प्रमाण असावे. सर्वात महत्त्वाचे म्हणजे मराठी पान असावे आणि ते यंत्राने उलथवलेले नसावे.

कायदा काय सांगतो?

ग्राहकाला फसवून ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्यांना म्हणजे ‘डार्क पॅटर्न्स’ना केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. आधीच टिक केलेली जादा सेवा, शेवटच्या पायरीवर उघड होणारे शुल्क, ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई या त्यातल्या काही. तर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे चांगला अनुभव ही आता केवळ ग्राहकाची खुशामत राहिलेली नाही.

मग खरा निकष कोणता?

संकेतस्थळ चालले नाही की कंपनीच्या तक्त्यात तो एक अपूर्ण व्यवहार असतो. कसाऱ्यातल्या माणसाच्या लेखी तो बुडालेला अर्धा दिवस, दलालाला दिलेले जादा पैसे किंवा चुकलेली गाडी असते. म्हणून मोठ्या कंपन्यांनी विक्रमी आकड्यांसोबत अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचे प्रमाणही जाहीर करावे. कोणतेही नवे संकेतस्थळ सुरू करण्याआधी ते बनवणाऱ्यांनी एक दिवस कसारा लोकल पकडावी, फलाटावर साधा फोन घेऊन बसावे आणि आपल्याच संकेतस्थळावर एक व्यवहार शेवटपर्यंत करून पाहावा. तो पूर्ण झाला, तर दादरला तो अडण्याची शक्यता फारच थोडी.