सांगकाम्याच्या चुका कोण निस्तरणार?

विकिपीडियाच्या संपादकांना बॉट, म्हणजे सांगकाम्ये, डोळ्यांसमोर नकोत, अशी तक्रार प्रोग्रामर मंडळी नेहमी करतात. व्यवहार मात्र निराळा आहे. इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजी २०१० पासून नासधुशीची संपादने कोणालाही न विचारता उलटवतो, आणि संपादकांना त्याचा आधारच वाटतो. २०११ मध्ये तो काही काळ बंद पडला, तेव्हा नासधूस अखेर निस्तरली गेली. पण त्याला जवळपास दुप्पट वेळ लागला, असे गायगर आणि हॅफेकर यांच्या २०१३ च्या अभ्यासात आढळले. एवढी मोकळीक त्याला फुकट मिळालेली नाही. चांगली संपादने चुकून उलटवली जाण्याचे प्रमाण किती चालेल, ते आधी ठरवून त्याची कडकपणाची पातळी बेतलेली आहे. चूक कळवायला स्वतंत्र पान आहे, आणि चालक कोण हे सर्वांना ठाऊक आहे.

याउलट स्वेर्कर योहान्सन यांच्या एलएसजेबॉटने फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात गावे, डोंगर, ओढे आणि जीवजातींवर लेखांची रास घातली. लेखसंख्या ६० लाखांवर, इंग्रजीच्या खालोखाल. हाताने लिहिणारे संपादक मात्र मूठभर. मूळ भौगोलिक विदेतल्या चुकाही लेखांत जशाच्या तशा उतरल्या. स्वीडिश विकिपीडियाने त्याचे असे लाखो लेख पुढे काढून टाकले. योहान्सन यांनी नाव लपवले नव्हते, की परवानगीही चुकवली नव्हती. पण एवढे लेख तपासायला माणसेच नव्हती. तेव्हा संपादकांचा राग यंत्रावर नसून अंगावर पडणाऱ्या, कोणीही न वाटून घेतलेल्या कामावर आहे.

लहान भाषांना निदान सुरुवातीचा साठा तरी मिळतो, असा युक्तिवाद होईल. तो अगदीच पोकळ नाही. कोऱ्या पानापेक्षा दोन ओळी बऱ्या. पण त्या दोन ओळी दुरुस्त करणारा वाचक कधी येतच नसेल, तर साठा शिळा होत जातो, आणि त्याचा दोष भाषेच्या माथी बसतो. परवानगीच्या सोपस्कारांनी उत्साही स्वयंसेवक कंटाळतात, हाही आक्षेप खरा. तरीही थोड्याशा संपादनांच्या चाचणीत जी चूक सापडते, ती नंतर हजारो पानांवर शोधत बसण्यापेक्षा हा कंटाळा स्वस्त पडतो.

तेव्हा मराठी विकिपीडियावर सांगकाम्या चालवू इच्छिणाऱ्यांनी अर्जात कोडच्या आधी तीन गोष्टी लिहाव्यात: तो थांबवायचा कसा, त्याच्या चुका कोण निस्तरणार, आणि चालक वर्षभर गायब झाला तर जबाबदारी कोणाकडे जाणार.