गाणी कामगारवस्तीची, गल्ला मक्तेदारांचा

२८ ऑगस्ट २००९ रोजी पॅरिसमध्ये, रंगमंचावर जाण्याची वेळ आली असताना, नोएल आणि लियम गॅलागर या भावांच्या भांडणात ‘ओॲसिस’ हा ब्रिटिश रॉक वाद्यवृंद फुटला. पंधरा वर्षांनी, २७ ऑगस्ट २०२४ रोजी, तो पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली. ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये पडदा उघडला. ऑगस्टअखेर टोरांटोपासून परदेश दौरा सुरू झाला आणि शिकागो, मेक्सिको सिटी, टोकियो, सिडनी, ब्युनॉस आयर्स अशी मजल मारीत २३ नोव्हेंबरला साव पावलो येथे संपला. भांडवली वृत्तपत्रांनी या साऱ्याला भाऊबंदकीच्या सुखान्त नाटकाचे रूप दिले. कोणत्या भावाने कोणाचा हात धरला, कोण कोणाकडे पाहून हसला, यावर रकानेच्या रकाने खर्ची पडले. खरे नाटक मात्र रंगमंचावर नव्हे, तिकिटाच्या खिडकीवर घडले होते.

हे दोघे भाऊ मँचेस्टरच्या बर्नेज वस्तीत, नगरपालिकेच्या घरात, आयरिश स्थलांतरित आईबापांच्या पोटी वाढले. थोरला गॅसच्या नळांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे राबत होता. पायाला इजा झाली म्हणून त्याला कोठारात हलके काम मिळाले आणि तिथल्या रिकाम्या वेळात आपण गाणी रचू लागलो, असे तो स्वतः सांगत आला आहे. थॅचरबाईंच्या राजवटीत गिरण्या आणि गोद्या ओस पडल्या, तरुण बेकारभत्त्याच्या रांगेत उभे राहिले. त्या पिढीने ही गाणी आपली म्हणून उचलली. पुढे १९९७ साली टोनी ब्लेअरने नोएलला पंतप्रधान निवासात पेयपानाला बोलावले, हा त्याच कहाणीचा कमी शोभादायक अध्याय.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थ येथे दोन दिवसांत अडीच लाख माणसे जमली. तिकीट होते साडेबावीस पौंडांचे. तेव्हापासूनच्या भाववाढीचा कोणताही सरकारी निर्देशांक लावा, ही रक्कम साठ पौंडांच्या पुढे जात नाही. पण ३१ ऑगस्ट २०२४ रोजी उभ्याने ऐकण्याचे तिकीट सुमारे दीडशे पौंडांना जाहीर झाले. तासन्‌तास संगणकाच्या रांगेत ताटकळलेल्यांना, शेवटी खिडकी उघडली तेव्हा, तेच तिकीट ३५५ पौंडांना दिसू लागले. घ्या नाहीतर निघा; विचार करायला काही मिनिटे.

बाजाराच्या पुजाऱ्यांनी लगेच मंत्र म्हटला: मागणी वाढली, भाव वाढला, यंत्राने आपले काम केले, यात दोष कोणाचा? ब्रिटनच्या स्पर्धा नियामक प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा या मंत्रातील हवाच निघून गेली. क्षणाक्षणाला भाव बदलणारे यंत्र चालवल्याचा पुरावाच सापडला नाही! भाव दोन होते. स्वस्त तिकिटे आधी विकायची, ती संपताच उरलेली महाग विकायची, आणि रांगेतल्यांना यातले काहीच सांगायचे नाही. शिवाय काही आसनांवर ‘प्लॅटिनम’ अशी चिठ्ठी चिकटवून जवळजवळ अडीचपट किंमत घेतली गेली. त्याबदल्यात फारसे अधिक काही मिळत नव्हते. आपल्याकडे रेशनच्या दुकानदाराने असे केले असते तर त्याला साठेबाज म्हटले असते.

वाद्यवृंदाने हात झटकले. तिकिटांचे निर्णय संयोजक आणि व्यवस्थापक घेतात, आम्हाला या पद्धतीची कल्पना नव्हती, असा त्यांचा खुलासा. तो खरा मानू. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ज्याच्या नावावर कोट्यवधी पौंड गोळा होतात त्याला आपल्या श्रोत्यांना काय भाव लावला जातो हे विचारण्याची गरज का वाटू नये? आणि लोक संतापल्यावर काय झाले ते पाहा. महिन्याभरातच उत्तर अमेरिकेचा दौरा जाहीर झाला, तेव्हा तिथे ही बदलत्या भावांची पद्धत लागू होणार नाही असे आधीच सांगण्यात आले. जो काल निसर्गनियम होता तो समुद्र ओलांडताच रद्द करता आला. मेक्सिकोतील किंवा अर्जेंटिनातील श्रोत्याने जे मोजले त्यातही किती भाग गाण्याचा आणि किती दलालीचा, हा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

कारण खिडकी एकाच मालकाची आहे. ‘लाइव्ह नेशन’ आणि ‘तिकीटमास्टर’ या कंपन्या २०१० साली एक झाल्या. कार्यक्रमाचे संयोजन, अनेक सभागृहे आणि तिकीटविक्री एकाच मुठीत आली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने आणि अनेक राज्यांनी याच मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. तिकिटे स्वस्त ठेवली तर काळाबाजारवाले ती पळवतील, असा युक्तिवाद ही मंडळी करतात; सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दाव्यात आरोप केला आहे तो नेमका असा, की ही कंपनी त्याच दलालांकडे काणाडोळा करून फेरविक्रीवरही शुल्क कमावते.

आपण यापासून दूर आहोत असे समजू नये. ‘कोल्डप्ले’च्या जानेवारी २०२५ मधील नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला येताच संपली आणि दुसऱ्या दाराने अनेक पटींनी विकायला निघाली. उच्च न्यायालयाने त्यावरील जनहितयाचिका फेटाळली. कायदा करणे हे सरकारचे काम.

एडिनबर्गमध्ये तर दौऱ्यापूर्वीच्या नगरपालिकेच्या कागदपत्रांत या श्रोत्यांचे वर्णन दंगेखोर, मद्यपी, जागा अडवणारे मध्यमवयीन पुरुष असे झाले होते. पैसा चालतो, माणसे खुपतात!

ब्रिटनमध्ये शेवटी काय पदरात पडले? सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीटमास्टरने नियामकाला हमीपत्र लिहून दिले: यापुढे टप्प्याटप्प्याचे भाव असतील तर चोवीस तास आधी सांगू. त्यात दंड नाही, परतफेड नाही. आणि मँचेस्टरमधील ‘बोर्डवॉक’ हा क्लब, जिथे १९९१ साली ‘ओॲसिस’ प्रथम वाजले, तो १९९९ मध्येच बंद पडला. तशा छोट्या जागा आजही एकेक करून बंद पडत आहेत, आणि मोठ्या मैदानांच्या प्रत्येक तिकिटावर त्यांच्यासाठी एक पौंड राखून ठेवावा, ही मागणी संयोजकांच्या स्वेच्छेवर सोडून देण्यात आली आहे.