सांडवा मोकळा आहे का?

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतली माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्रिमहोदयांनी मात्र खापर खेकड्यांवर फोडले! खेकडे बांधात बिळे करतात, हे खरे. पण ती बिळे वेळेत बुजवायची कोणी?

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली. मात्र तो 15 मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांनाच लागू आहे. गावोगावचे बुटके पाझर तलाव त्याबाहेरच राहतात. मातीचा बांध पाणी माथ्यावरून गेले की टिकत नाही, म्हणून सगळी मदार जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यावर. तिथेच कुठे मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावलेली असते, कुठे चार बोटे जास्त पाणी साठावे म्हणून वाळूची पोती रचलेली. बांधावर बाभळी माजलेल्या. पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल तर नजर ठेवावी. गढूळ झाले की आतली माती निघून चालली आहे, तेव्हा कागद रंगवत बसू नये.

हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. मे महिन्यात शाखा अभियंत्याने गावकऱ्यांना घेऊन बांधावरून चालावे, पोती तिथल्या तिथे काढायला लावावीत आणि तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवावा.