हाडांचं कौतुक पुरे, कण्यांचं काय?

आयटीतल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये हल्ली आयकार्डाच्या शेजारी अॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप असतेच. रात्री साडेदहाचा कॉल, अकराला मागवलेली बिर्याणी, सकाळी पोट दगड. यावर सध्याचा लाडका उपाय म्हणजे 'बोन ब्रॉथ'. पाऊचमध्ये मिळतो, पावडरमध्ये मिळतो, आणि ज्या किमतीला मिळतो त्यात आख्खी कोंबडी येते.

आता माझं मत. या सगळ्यात कौतुक चुकीच्या माणसाचं चाललंय.

हाडं उकळली की त्यातलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. छान लागतं, गार झाल्यावर थरथरतं. पण ते शेवटी प्रथिन. पोटात गेलं की बाकीच्या प्रथिनांसारखेच त्याचेही तुकडे होतात. ते थेट आतड्याला जाऊन प्लास्टर मारत नाही. हाडांच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, हाही गोड गैरसमज; पेलाभर दुधापुढे ते नगण्य आहे. आणि चिकनमध्ये फायबर किती? शून्य. हाडांत? तेही शून्य.

मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मात्र हवं असतं फायबर. ते आंबवून ते ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगितलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम पॉलिश तांदळात ते जेमतेम 3 ग्रॅम, ज्वारीत 10 च्या आसपास, आणि जवात, म्हणजे बार्लीत, 15 च्या वर आहे. प्रोबायोटिकच्या बाटल्या पिणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: रोज नवीन माणसं भरती करताय, पण कॅन्टीन कुठाय?

तर कॅन्टीन म्हणजे धान्य. आणि हे सूप काही परदेशातून आणायला नको. मटण-चिकन शिजवताना तिखट घालण्याआधी जे हळद-मिठाचं पाणी वाटीत काढून मुलांना देतात ते अळणी, आणि ताकाबरोबर खातात त्या ज्वारीच्या कण्या, या दोघांचं लग्न लावलं की झालं. (स्कॉटलंडवाले मटण आणि बार्लीचं असंच सूप पिढ्यान् पिढ्या पितायत. त्यांना कोणी पाऊच विकला नाही.)

उरलेलं चिकन म्हणजे तंदुरी किंवा रोस्ट. ताटातली चघळलेली हाडं नव्हेत हो, डब्यात उरलेले तुकडे! मांस सोडवून बाजूला ठेवा. हाडं, लिटरभर पाणी, अर्धा कांदा, चार लसूण पाकळ्या, आलं, मिरी, तमालपत्र, हळद हे सगळं कुकरमध्ये घाला, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. नंतर गाळा. हाडांची बारीक कुसं राहतात, म्हणून बारीक गाळणीच घ्या.

ज्वारी मिक्सरला दोन-तीनदा फिरवली की कण्या होतात. कोंडा पाखडून टाकू नका, सगळी कमाई तिथेच आहे. अर्धी वाटी कण्या रात्रभर भिजवा आणि गाळलेल्या पाण्यात गाजर, दुधी घालून चार-पाच शिट्ट्या काढा. मांस शेवटी घाला, एक उकळी, मीठ चवीप्रमाणे (तंदुरीत आधीच असतं), वर लिंबू-कोथिंबीर. दोघांचं पोटभर जेवण होतं. जव वापरलेत तर अजून गुळगुळीत दाटपणा येतो, पण त्यात ग्लुटेन असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी ज्वारीच.

दुसऱ्या दिवशी हे सूप जास्त चांगलं लागतं. फ्रिजमध्ये वर साय धरल्यासारखी चरबी गोठते, ती काढून टाकता येते. शिवाय शिजलेलं धान्य गार झालं की त्यातल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात न पचणारा होतो आणि पुढे जिवाणूंच्याच पंगतीत जातो. परत गरम केलं तरी त्यातला बराचसा टिकतो. फुकटचा बोनस, आणि तोही अप्रेझलशिवाय :)

एका बाबतीत मात्र मी खडूस आहे. चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं असलं पाहिजे, पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरात. मॅच संपेपर्यंत टेबलावर पडलेलं चिकन 'उकळलं की होईल नीट' म्हणून वापरू नका. जंतू मरतात, पण काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. तेच सूपचं. कुकरमध्ये रात्रभर झाकून न ठेवता लहान डब्यांत भरून लवकर गार करा, तीन-चार दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढंच उकळेपर्यंत गरम करा.

इतके दिवस मैद्यावर जगलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी दोन बाऊल पाजलेत तर गॅस होणार, मग मला शिव्या देऊ नका. अर्ध्या बाऊलने सुरू करा, पाणी भरपूर प्या. आणि गोळ्यांची स्ट्रिप महिनोन् महिने चालूच असेल तर सूप नंतर, आधी डॉक्टर.

बाकी, उरलेल्या बटर चिकनच्या ग्रेव्हीचं हे सूप होतं का, असं दोघांनी आधीच विचारून झालंय. नाही होत.